चिठ्ठी हातात आणि डबा गायब

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकातल्या कुकीवर लेख लिहावा याचे आमच्या प्राध्यापकवर्गाला नवल वाटेल, आणि माहिती-तंत्रज्ञान शिकणाऱ्या मित्रांना हसू येईल. कुकी म्हणजे बिस्किट नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. घरी हा विषय काढला तेव्हा आईने "बेकरीवर लिहितोयस होय?" असे विचारले होते. तरीही लिहितो. आपल्यापैकी ज्यांनी ज्यांनी प्रवेशाचा, परीक्षेचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरला आहे, त्या प्रत्येकाचा या वस्तूशी संबंध आलेला आहे. फक्त तिची ओळख कोणी करून दिलेली नाही.

मी संध्याकाळी पाच ते नऊ उल्हासनगरला चार नंबर कॅम्पातल्या एका दुकानात काम करतो. दुकानावर पाटी आहे : झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील. आत तीन संगणक, एक प्रिंटर आणि एक इन्व्हर्टर, जो दिवे गेल्यावर पंधरा मिनिटे साथ देतो आणि मग आपणही जातो. जून ते सप्टेंबर हा आमच्या दुकानाचा सुगीचा काळ. त्या दिवसांत बाकावर गिऱ्हाईक दाटीवाटीने बसलेले असते, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दाखले.

गेल्या वर्षी जुलैत पाच नंबर कॅम्पातून एक बाई मुलीला घेऊन आल्या. जीन्सच्या कारखान्यात त्या धागे कापायचे काम करतात. मजुरी नगावर, उठून आले की तेवढे नग बुडाले. मुलीचा अर्ज भरायचा म्हणून दोन तास आधी काम सोडून आल्या होत्या. अर्ज पाच पानी होता. नावगाव, उत्पन्न, बँक, गुण आणि शेवटी कागदपत्रे. चार पाने भरून झाली. पाचव्या पानाशी आलो तर उत्पन्नाचा दाखला घरीच राहिलेला. मुलगी धावत गेली, दाखला घेऊन आली. मी तो स्कॅन केला, तो ठरवून दिलेल्या केबीत बसेना म्हणून लहान केला, पुन्हा लहान केला, आता त्यावरचा क्रमांक वाचता येईना म्हणून थोडा मोठा केला. या सगळ्यात अर्धा तास सहज गेला असेल. मग 'सबमिट' दाबले. पडद्यावर दोन इंग्रजी शब्द आले : सेशन एक्स्पायर्ड. पुन्हा नाव-पासवर्ड घालून आत शिरलो तर पाचही पाने कोरी.

"काय झालं?" बाईंनी विचारले.

"सेशन संपलं, मावशी."

"माझ्याकडून काही चुकलं का? दाखला इसरले म्हणून?"

"नाही, तुमचं काही चुकलं नाही."

"मग कुणाचं?"

मला उत्तर देता आले नाही. नऊ वाजत आले होते, शेठ शटर ओढण्याच्या तयारीत होते. त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, म्हणजे पुन्हा दोन तासांचे नग गेले.

मला राहून राहून वाटते ते त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे. यंत्राने दगा दिला की आपली माणसे आधी स्वतःकडे बोट दाखवतात. मीही तेच केले होते. प्रथम वर्षाला असताना माझ्या स्वतःच्या अर्जावर हेच दोन शब्द उमटले, तेव्हा आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले दुसरे कोणी नसल्याने विचारायचे कोणाला हा प्रश्न होता. आईला सेशन हा शब्द सेशन्स कोर्टापुरता ठाऊक. ती घाबरून म्हणाली, "काय खोटं तर नाही ना लिहिलंस?" मी गप्प बसलो आणि सगळे पुन्हा भरले. त्या वेळी मला वाटले, मी हळू टाइप करतो हाच माझा गुन्हा.

"मग कुणाचं?" या प्रश्नाचे उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडले. ते सांगण्यापूर्वी कुकी म्हणजे काय हे सांगणे भाग आहे.

आपण पडद्यावरचे एखादे बटण दाबतो तेव्हा आपला ब्राउझर दूरवरच्या एका संगणकाकडे मागणी पाठवतो. त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर उत्तर पाठवतो आणि त्याच क्षणी आपल्याला विसरतो. पुढचे बटण दाबले की त्याच्या लेखी आपण पुन्हा नवे गिऱ्हाईक. एचटीटीपी नावाच्या ज्या रीतीने हे दळणवळण चालते, तिच्यात स्मरणशक्तीची सोयच मुळात नव्हती, कारण वेबचा जन्म झाला तो सर्न या संशोधनसंस्थेत, कागदपत्रे एकमेकांना वाचायला देण्यासाठी. वाचणारा कोण, त्याने आधी काय वाचले, याच्याशी कोणाला कर्तव्य नव्हते. पण वेबवर दुकाने निघू लागली तसे हे विसरणे जड जाऊ लागले. गिऱ्हाइकाने टोपलीत साबण टाकला आणि तेल घ्यायला वळला, की दुकानदार म्हणणार, आपण कोण?

१९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली या तरुण प्रोग्रामरने यावर तोड काढली. सर्व्हरने उत्तरासोबत एक लहानसा मजकूर ब्राउझरला द्यायचा. ब्राउझरने तो जपून ठेवायचा आणि त्याच सर्व्हरकडे पुन्हा जाताना न विसरता दाखवायचा. बस्स, एवढेच. जुन्या प्रोग्रामर मंडळींत अशा देवघेवीच्या मजकुराला 'मॅजिक कुकी' म्हणत, त्यावरून याचे नाव कुकी पडले.

आम्हा बदलापूर-अंबरनाथच्या लोकांना हे समजायला अवघड नाही. आपला रेल्वेचा पास म्हणजे दुसरे काय? रोज त्याच लोकलने वर्षानुवर्षे जा, टीसी आपल्याला ओळखणार नाही, आणि त्याने ओळखावे अशी अपेक्षाही नाही. त्याने विचारले की पास काढून दाखवायचा. कुठून कुठे, कोणता वर्ग, कोणत्या तारखेपर्यंत, सगळे पासावरच लिहिलेले. काही कुकी अशाच असतात, लागेल ती माहिती अंगावर घेऊन फिरतात. मात्र अर्जाच्या संकेतस्थळांवर चालते ती कुकी बहुधा निराळ्या जातीची. ती पासासारखी नसून पिठाच्या गिरणीतल्या चिठ्ठीसारखी असते. गिरणीवाला आपला डबा घेतो, फळीवर ठेवतो आणि हातात एक नंबर देतो. त्या नंबरात गहू नाही, ज्वारी नाही, नाव नाही. सगळा माल फळीवर. सर्व्हरही तेच करतो. आपण भरलेली माहिती तो आपल्याकडे एका कप्प्यात ठेवतो, आणि आपल्या ब्राउझरला कुकीत घालून देतो फक्त त्या कप्प्याचा नंबर, अक्षर-आकड्यांची एक लांबलचक माळ. या कप्प्यालाच सेशन म्हणतात. ही पद्धत चांगली आहे. उत्पन्न, जात, बँकेचा खाते क्रमांक असल्या गोष्टी आपल्या ब्राउझरमध्ये पडून राहत नाहीत, आणि आपल्याला त्यांत खाडाखोडही करता येत नाही.

आता मला उत्तर कुठे सापडले ते सांगतो.

आमच्या शेठना दुकानाचे एक रजिस्टर संगणकावर हवे होते. कोणी कोणता फॉर्म टाकला, पैसे किती आले, किती राहिले. अंबरनाथचा माझा एक मित्र बीएस्सी आयटीला आहे. त्याच्या मदतीने मी पीएचपी या भाषेत एक छोटे संकेतस्थळ लिहिले आणि दुकानातल्याच एका संगणकावर चालू केले. लॉगिनची चौकट आली, मागे सेशन आले, सेशनमागे कुकी आली. मला माझाच अभिमान वाटत होता. आठवड्याने शेठनी हाक मारली. दिवसभराच्या नोंदी त्यांनी एका पानावर बसून टाइप केल्या होत्या, मधे चहा आला, मधे फर्निचर बाजारातला त्यांचा मित्र येऊन गप्पा मारून गेला, आणि शेवटी 'सेव्ह' दाबताच समोर लॉगिनची चौकट उभी राहिली. नोंदी नाहीत.

"अरे, मेरा लिखा हुआ कहाँ गया?"

मावशींचा प्रश्न आता मला विचारला गेला होता, आणि या खेपेस "कुणाचं?" याचे उत्तर मी होतो.

मित्राला फोन लावला. त्याने मला पीएचपीच्या सेटिंगची फाइल उघडायला लावली. तिच्यात एक आकडा होता : १४४०. हे सेकंद आहेत. भागिले साठ केले की चोवीस मिनिटे. कप्प्याला चोवीस मिनिटांत कोणी हात लावला नाही, तर तो कप्पा पीएचपीच्या दृष्टीने कचरा ठरतो आणि झाडूवाला आला की झाडला जातो. गंमत अशी की हा झाडूवाला दर खेपेस येत नाही. अनेक मागण्यांमागे एखाद्या वेळी येतो. म्हणून कधी चाळीस मिनिटांनीही काम शाबूत सापडते आणि कधी पंचविसाव्या मिनिटाला गेलेले असते. वापरणाऱ्याला यातून एकच निष्कर्ष काढता येतो : आपले नशीब.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. पीएचपी ब्राउझरला जी कुकी देते, तिची मुदत मुळात ठेवलेली असते ब्राउझर बंद होईपर्यंत. म्हणजे शेठनी सकाळी उघडलेल्या ब्राउझरमध्ये चिठ्ठी रात्री नऊपर्यंत सुखरूप होती. ब्राउझरने ती इमानाने सर्व्हरला दाखवलीही. सर्व्हरने फळीकडे पाहिले, तिथे डबा नव्हता. गिरणीवाल्याने चोवीस मिनिटांत डबा नेला नाही म्हणून दळण उकिरड्यावर ओतले, असे आपल्या गल्लीत कधी झाले आहे काय? आमच्या गल्लीतला गिरणीवाला दिवाळीतसुद्धा चार चार दिवस डबे सांभाळतो.

हा १४४० आकडा मी निवडलेला नव्हता. शेठनी निवडलेला नव्हता. भाषेबरोबर तो आयताच आला, आणि मी त्याकडे पाहिलेही नाही. जावा भाषेतल्या संकेतस्थळांसाठी टॉमकॅट नावाचा सर्व्हर फार वापरला जातो. त्यात हीच मुदत आयती ३० मिनिटे येते. मला वाटते, आपल्या राज्यातल्या लाखो अर्जदारांच्या डोक्यावर टांगलेली वेळ बहुतेक ठिकाणी अशीच आलेली असणार. कोणी दुष्टाव्याने ठरवलेली नाही. कोणी ठरवलेलीच नाही. आणि ज्याने मूळ आकडा लिहिला, त्याच्या नजरेसमोर असलेला माणूस स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या टेबलाशी बसलेला होता. त्याचे सगळे कागद जवळ होते, त्याचे दिवे जात नव्हते आणि त्याला अर्जाची भाषा येत होती. मावशी त्याच्या नजरेसमोर नव्हत्या. खेदाची गोष्ट ही की माझे संकेतस्थळ लिहिताना त्या माझ्याही नजरेसमोर नव्हत्या, आणि त्यांना जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता.

हे आमच्या वर्गात बोलून दाखवले तेव्हा एका सरांनी योग्य हरकत घेतली. ते म्हणाले, "मुदत वाढवून द्या म्हणतोस, पण सायबर कॅफेत बसलेला माणूस उठून गेला आणि सेशन तीन तास जिवंत राहिले तर? बँक पाच-दहा मिनिटांत बाहेर काढते ते तुझ्याच भल्यासाठी ना?"

सरांचे म्हणणे खरे आहे, आणि किती खरे आहे ते मला दुकानातच कळले. डिसेंबरातली गोष्ट. माझ्याच गाडीने बदलापूरहून येणारा एक ओळखीचा तरुण दुकानात आला, स्वतःचा ईमेल उघडून त्याने बायोडेटाची प्रिंट काढली आणि घाईत निघून गेला. त्याने चौकट बंद केली, पण लॉगआउट केले नाही. चौकट बंद केली म्हणजे आपण बाहेर पडलो असे आपल्याकडे जवळजवळ सगळेच समजतात. कुकी आत तशीच होती. थोड्या वेळाने मी त्या संगणकावर ईमेलचे पान उघडले, तो त्याच्या नावाचा डबा माझ्यापुढे उघडा. सर्वांत वर एक न वाचलेले पत्र होते. ते मी उघडले नाही, परंतु उघडण्याची गरजच नव्हती. विषयाच्या ओळीतच लिहिले होते की त्याची निवड झालेली नाही. मी झटकन लॉगआउट केले. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये तो मला भेटला आणि हसून म्हणाला, "अजून नाही म्हणून कळवलं नाही त्यांनी, म्हणजे चान्स आहे." उल्हासनगर येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्या तरुणाचे दुःख त्याच्या आधी मला कळले, हा अधिकार मला कोणी दिला होता? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला, हे आम्ही राज्यशास्त्राच्या तासाला लिहून घेतले होते. तो निकाल आमच्या दुकानातल्या तीन नंबरच्या संगणकापर्यंत पोचलेला नाही.

चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती लागणे ही काही नवी भीती नव्हे. २०१० साली एरिक बटलर नावाच्या प्रोग्रामरने फायरशीप हे छोटे साधन जगजाहीर केले. उघड्या वायफायवर बसलेल्या शेजाऱ्याची कुकी उचलून त्याच्या नावाने फेसबुकात शिरणे त्याने एका बटणाचे काम करून दाखवले. लोक हादरले, आणि मोठ्या संकेतस्थळांनी हळूहळू सगळी देवघेव बंद पाकिटातून, म्हणजे एचटीटीपीएसने, सुरू केली. कुकीवर आता 'सिक्युअर' असा शिक्का मारता येतो, म्हणजे ती बंद पाकिटाशिवाय प्रवास करत नाही. 'एचटीटीपी ओन्ली' असा शिक्का मारता येतो, म्हणजे पानावर घुसवलेल्या आगंतुक प्रोग्रामला ती वाचता येत नाही. माझ्या रजिस्टरात हे दोन्ही शिक्के नव्हते. मित्राने मारायला लावले. एक ओळ लिहावी लागते.

पण हे सगळे शिक्के शेजारच्या खुर्चीवर येऊन बसणाऱ्यापुढे कुचकामी आहेत. एकाच संगणकावर दिवसाला तीसजण बसतात, एकच मोबाइल घरातली चार माणसे वापरतात, ही आमच्याकडची रीत कोणत्याही शिक्क्यात बसत नाही.

तर मग सरांची हरकत आणि मावशींचे नुकसान, दोन्ही खरे. याला उपाय नाही असे मला काही दिवस वाटत होते. मग गिरणीकडे पाहून वाटेनासे झाले. आपण दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो आहोत. दार कधी लावायचे हा एक प्रश्न, आणि माल कधी फेकायचा हा दुसरा. गिरणीवाला रात्री शटर ओढतो, बिनओळखीच्या माणसाला डबा देत नाही, चिठ्ठी हरवली तर चार प्रश्न विचारतो. परंतु पीठ फेकत नाही. सर्व्हरनेही दहा मिनिटांत खुशाल दार लावावे. माणूस पुन्हा नाव-पासवर्ड घालून आला की त्याची चार पाने त्याला जशीच्या तशी मिळावीत. त्यासाठी करायचे एवढेच की प्रत्येक पान भरताच ते सेशनच्या तात्पुरत्या कप्प्यात न ठेवता अर्जदाराच्या नावाने कायमच्या वहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये, मसुदा म्हणून उतरवायचे. कुकी हरवो, शिळी होवो, वही हरवत नाही. मी माझ्या रजिस्टरात हे केले. मला, एका कला शाखेच्या विद्यार्थ्याला, मित्राच्या मदतीने दोन संध्याकाळी लागल्या. काही अर्जांच्या संकेतस्थळांवर 'सेव्ह ड्राफ्ट' असे बटण असते हे मान्य. पण ते दाबायचे लक्षात ठेवण्याची जबाबदारी पुन्हा मावशींवरच आली की नाही?

ही माझी एकट्याची कल्पना आहे असे कोणी समजू नये. वेब सर्वांना वापरता यावे म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यांच्या २००८ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतच हे लिहिलेले आहे. वेळेची मर्यादा असेल तर ती संपण्यापूर्वी माणसाला सूचना द्यावी, एखादी कळ दाबण्याइतक्या सोप्या कृतीने ती वाढवायला निदान वीस सेकंद द्यावेत, आणि अशी वाढ निदान दहा वेळा घेता यावी. वरच्या पायरीचा निकष तर असा की पुन्हा ओळख पटवून आत आलेल्या माणसाला आधीचे काम न गमावता पुढे जाता यावे. हे निकष प्रामुख्याने अंध, अपंग, सावकाश वाचणाऱ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून झाले. आपल्या केंद्र सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ सालापासून आहेत आणि तीही याच निकषांचा आधार घेतात. कागदावर सर्व आहे.

कुकीची दुसरी एक बाजू आहे, जाहिरातवाल्यांची. वर्तमानपत्रांत जे येते ते बहुतेक तिच्याचविषयी. आपण एका पानावर असताना तिसराच कोणी आपली कुकी त्यात सोडतो आणि मग गावभर आपला माग काढतो. १९९७ साली कुकीचे पहिले अधिकृत नियम लिहिले गेले, लिहिणाऱ्या दोघांत मोंटुली स्वतः होता, आणि अशा परक्या कुकींना आपोआप मुभा देऊ नये असे त्यात सुचवले होते. तेव्हाच्या दोन्ही मोठ्या ब्राउझरांनी ते मनावर घेतले नाही. फ्रान्सच्या नियामकाने डिसेंबर २०२० मध्ये परवानगीवाचून कुकी ठेवल्याबद्दल गुगलला १० कोटी युरो आणि ॲमेझॉनला ३ कोटी ५० लाख युरो दंड केला. गुगलने परक्या कुकी क्रोममधून हद्दपार करण्याचे २०२० साली जाहीर केले आणि २०२४ साली तो बेत सोडून दिला. या विषयावर जाणकारांनी लिहावे. मला त्यातली एकच गोष्ट डाचते. क्रोममध्ये २०२२ पासून कुकीचे आयुष्य जास्तीत जास्त ४०० दिवसांवर आणले आहे, आणि ही मर्यादा लहान झाली असे समजले जाते. म्हणजे मी एकदा एका चपलेच्या चित्राकडे पाहिले, तर ते वर्षाहून अधिक काळ लक्षात ठेवण्याची तजवीज आहे. मावशींच्या मुलीचे नाव, तिचे गुण, तिच्या बापाचे उत्पन्न हे मात्र अर्धा तास लक्षात राहत नाही.

याच जाहिरातवाल्यांमुळे पानाच्या तळाशी 'ॲक्सेप्ट ऑल कुकीज' अशी पट्टी येते. आमच्या दुकानात ती कोणी वाचत नाही. मीही वाचत नाही. गिऱ्हाईक मागे उभे असते, पट्टी अर्जावर आडवी आलेली असते, मी दाबून टाकतो. लोकांच्या वतीने मी आजवर किती संमत्या दिल्या असतील याची मोजदाद नाही. आणि ती पट्टी इंग्रजीत. संसदेने २०२३ साली केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात म्हटले आहे की संमती मुक्त, विशिष्ट आणि समजून-उमजून दिलेली हवी, आणि संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला हवा. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि संमतीविषयीच्या तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. आठव्या परिशिष्टात मराठी आहे. १९६७ पासून सिंधीही आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांचे १९४९ साली उल्हासनगर झाले, त्या गावात आमच्या शेठच्या आईला सिंधीतून आणि मावशींना मराठीतून विचारले जाईल, "ही तुमची माहिती आम्ही ठेवू का?", असा दिवस कायद्याने तरी जवळ आणला आहे. मराठीतून विचारताना मात्र 'सत्र कालबाह्य झाले' असले मराठी कृपा करून लिहू नये. 'बराच वेळ काही केले नाही म्हणून दार बंद केले आहे. तुम्ही भरलेले सुरक्षित आहे. पुन्हा आत या' असे लिहावे. जागा थोडी जास्त लागेल. पण त्यासाठी आधी भरलेले सुरक्षित असायला हवे!

आमच्या प्राध्यापकांना आणि मित्रांना एक विनंती करतो. आपल्या कॉलेजातही आता बरीच कामे अशाच पानांवर चालू लागली आहेत आणि पुढे वाढतील. नवे काही घेण्याआधी विक्रेत्याला एवढे विचारावे : विद्यार्थी अर्ध्यात उठला तर त्याचे भरलेले कुठे जाते? उत्तर 'सेशनमध्ये' असे आले तर पुढचा प्रश्न विचारावा, किती मिनिटे? विक्रेत्याला बहुधा सांगता येणार नाही. मलाही सांगता आले नव्हते. आणि लॉगआउटचे बटण पानाच्या कोपऱ्यात, माणसाच्या चित्राखाली लपवलेले असते, ते 'बाहेर पडा' असे मोठ्या अक्षरांत वर आणायला सांगावे. पासवर्ड मागताना 'हा संगणक तुमच्या एकट्याचा आहे का?' हेही विचारता येते. 'नाही' म्हटले की कुकीची मुदत आपोआप कमी करायची आणि माणूस उठताना त्याला आठवण द्यायची. याला काही फार खर्च नाही.

दुकानात आम्ही तोवर आपला मार्ग काढला आहे. हंगामातल्या मोठ्या अर्जांची सगळी पाने मी एकदा कोरी उघडून, त्यातले रकाने हाताने उतरवून, त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. गिऱ्हाईक आले की आधी बाकावर बसून पेन्सिलीने तो कच्चा कागद भरायचा, पिशवीतले सगळे दाखले क्रमाने लावायचे, आणि मगच संगणकाला हात लावायचा. कागद भरायला कोणाला वीस मिनिटे लागतात, कोणाला तासभर. त्याला कोणी बाहेर काढत नाही. मग मी एका दमात अकरा-बारा मिनिटांत टाइप करतो. जुलैत मावशी दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा पहिला कच्चा कागद त्यांचाच झाला, पाठकोऱ्या बिलांवर. मुलीने लिहिले, मावशी शेजारी बसून दाखल्यांवरचे नंबर एकेक करून वाचत होत्या. अर्ज गेला, पावती आली. शेठनी नंतर कच्च्या कागदाचे पाच रुपये लावायला सुरुवात केली आहे.